सहा नंबरची ऊब

"इतकं उबदार घर, आणि त्यात म्हणे फावडी ठेवणार! फावड्यांना थंडी वाजते काय गं?"

लीड्सहून स्किथॉर्पला निघालेल्या बसमध्ये पुढच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. इतक्या जवळ, की बोलणारीच्या टोपीवरचं ओलं पीस दर वळणावर थिर्झा ओल्डरॉइडच्या नाकाला लागत होतं.

"मी गेले होते सेथ बॅरेक्लोकडे," टोपीवाली म्हणाली. "म्हटलं, हॅना गेली, वाईट झालं, पण घर काही मेलं नाही. सहा नंबरला आमचं नाव लाव. ही बोटं बघ माझी, नोव्हेंबरपासून निळी आहेत. तर म्हणतो, ते घर आता कोणालाच द्यायचं नाही. कौन्सिल तिथे फावडी ठेवणार."

"आणि ती पुतणी?"

"तिची सोय सार्जंट करेल."

दोघी हसल्या. मग हसल्याची लाज वाटली असावी, कारण दोघींनी एकदमच खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. पडलेला बर्फ काजळीने काळा झाला होता आणि गिरण्यांची निम्मीअधिक धुराडी थंड होती. १९३१ सालचा तो फेब्रुवारी त्या मुलखात कोणाच्याच आठवणीत गोड राहिला नाही.

थिर्झाने शेजारी पाहिलं. तिचा दीर क्लेमंट कागदात गुंडाळलेल्या, सारण भरून भाजलेल्या पाईचा शेवटचा तुकडा शोधत होता.

"ऐकलंत का भावोजी?"

"काय? फावडी? ठेवू देत की. चोरीला तरी जाणार नाहीत."

क्लेमंट ओल्डरॉइडने रेल्वेत जन्मभर लोकांची तिकिटं तपासली होती. माणसं तपासायची असतात हे मात्र निवृत्त झाल्यावर, वहिनीच्या मागे फिरताना त्याला कळलं, आणि अजून ते नीटसं अंगवळणी पडलेलं नव्हतं. थिर्झाने नवऱ्याच्या माघारी टोप्यांच्या दुकानावरच्या खोलीत खासगी चौकशीचं काम सुरू केलं, तेव्हा नातेवाईक म्हणाले, दुःखाने डोकं फिरलं बाईचं. आता तेच नातेवाईक आपली भानगड घेऊन मागच्या जिन्याने येत.

काल त्याच जिन्याने विनी हेलिवेल आली होती. लोकरीच्या गिरणीत मागावर काम करणारी, पंचविशीच्या आतली मुलगी. तिची काकू हॅना गेल्या आठवड्यात झोपेतच गेली. गावात बोलवा झाली, की विनी रोज रात्री काकूला कोको द्यायची, त्यातूनच काहीतरी दिलं. परवा गुरुवारी मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर बसणार होता. त्यानंतर सार्जंट तिला घेऊन जाणार हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पण दुकानात ती शिरली की सगळे बोलायचे थांबत, त्यावरून तिला कळलं होतं.

"फाशी देतात ना बाई?" तिने दारात उभं राहूनच विचारलं होतं. "बायकांनासुद्धा?"

थिर्झाने तिला आधी बसवलं होतं आणि मग खोटं बोलायचं टाळलं होतं.

*

क्ले रो म्हणजे सहा घरांची एक ओळ. सफाई खात्याच्या माणसांसाठी कौन्सिलने बांधलेली. पहिलं घर रस्त्याला, आणि सहावं थेट कचऱ्याच्या टेकडीला पाठ लावून. दोन पिढ्यांचा उकिरडा होता तो: गावाची राख, चिंध्या, हाडकं, फुटके बूट. घरांच्या मागून अरुंद गल्ली जात होती. तिच्यातून मैल्याची गाडी यायची, भिंतीतली झडप उघडून संडासाची बादली ओढायची, रिकामी करून परत सरकवायची.

"आत कोणी बसलेलं असलं तर?" क्लेमंटने नाकावर रुमाल धरून विचारलं.

"तर त्याला वारा लागतो," थिर्झा म्हणाली. "चला."

विनीने दार उघडलं. स्वयंपाकघर स्वच्छ होतं, अंगावर येईल इतकं स्वच्छ. क्लेमंट आत आला आणि पाय आपटू लागला.

"हेच का ते उबदार घर? माझी पावलं गोठली!"

"पूर्वी असं नव्हतं हो," विनी म्हणाली. "गेल्या आठवड्यापर्यंत मी या फरशीवर अनवाणी फिरायचे. काकू गेली आणि घरच गार पडलं. लोक म्हणतात, घराला सगळं कळतं." तिने तोंड फिरवलं.

थिर्झा चुलीपाशी वाकली. लोखंडी जाळी काळ्या पॉलिशने चकचकत होती. आत बोट फिरवलं तर बोटाला काहीच लागलं नाही.

"ही शेवटची कधी पेटवलीत?"

"कधीच नाही. निदान मी आल्यापासून नाही. काकू म्हणायची, पायाखाली फुकटची ऊब असताना कोळसा कशाला जाळायचा? चहा-कोको त्या तेलाच्या शेगडीवर. संडासाच्या बादलीत टाकायला राख लागते ना, तीसुद्धा शेजारच्या ॲग्नेसकडून उसनी आणायची. सगळी क्ले रो हसायची तिला."

"आणि ही फुकटची ऊब येते कुठून?"

"मागे टेकडी आहे ना. कचरा कुजला की गरम होतो, खताच्या ढिगासारखा. सगळे असंच म्हणतात."

हॅनाची खाट मागच्या भिंतीतल्या कोनाड्यात होती. बुटकी, जमिनीपासून वीतभर. गुडघे धरल्यामुळे तिला वर चढता येत नसे.

"तिला बरं नव्हतं किती दिवस?"

"मी ऑक्टोबरात आले, त्यानंतर सुरू झालं. डोकं ठणकायचं, मळमळायचं. नाताळात व्हिट्बीला बहिणीकडे गेली तर ठणठणीत! गाणी म्हणाली, दोनदा पुडिंग खाल्लं. परत आली की पुन्हा तेच. मी तिथे नव्हते ना सोबत. सार्जंटने एवढंच बरोबर लिहून घेतलं."

"तुझं डोकं नाही दुखलं कधी?"

विनीने आठवून पाहिलं. "रविवारी दुखायचं. दिवसभर घरात असले की. काकू म्हणायची, प्रार्थनेत उगाच वरचा सूर लावतेस."

"झोपायचीस कुठे?"

"वर, माळ्यावर. खिडकी उघडी टाकून. आमचा बाप हल बंदरात मासेमारीच्या बोटीवर, आम्हांला वाऱ्याशिवाय झोप येत नाही. काकू म्हणायची, तू निमोनियाने मरशील."  मग कोणी न विचारताच म्हणाली, "शनिवारी आमचं भांडण झालं. मला हलला परत जायचं होतं. ती म्हणाली, मग मला कोको कोण देणार? आणि मी म्हणाले, तू मेलीस की सुटेन मी." ती हातातला फडका पिळत होती, कोरडाच. "भिंतीपलीकडे ऐकू गेलं. मी रागात बोलले हो बाई."

"माणसं रागातच बोलतात," थिर्झा म्हणाली. "एरवी कुठे बोलतात?"

मागच्या परसात दोन गोष्टी होत्या. भिंतीच्या पायाशी, पाच नंबरच्या मध्यापासून सहा नंबरच्या टोकापर्यंत, पिवळ्या ओल्या चिकणमातीचा ताजा पट्टा. आणि कोपऱ्यात रुबार्बचा एक गड्डा, गोड पदार्थांत घालतात त्या आंबट देठांचा, एरवी वसंतात वर येणारा. त्याचे लांब गुलाबी देठ आडवे पडले होते आणि पानं हिमाने करपून काळी झाली होती.

क्लेमंट हळहळला. "अरेरे, काय देठ होते!"

थिर्झा त्या गड्ड्याकडे पाहत राहिली. दाराबाहेरच्या राखेच्या डब्यावर हात टेकून क्लेमंट तिची वाट पाहत होता. हात उचलला तेव्हा त्याच्या हातमोज्याला पांढरा रंग लागला होता. डब्यावर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: गरम राख टाकू नये.

"सहाही डब्यांवर आहे," तो कुरकुरला. "आणि सहाही ओले."

*

पाच नंबरची ॲग्नेस बॅरेक्लो बाह्या वर करून पीठ मळत होती. तिचा नवरा सेथ उकिरड्यावरचा मुकादम. पुढच्या खोलीत शिरायला जागा नव्हती. दोन खाटा आणि एक गादी दारापर्यंत आली होती, आणि दोन पोरं त्यांवरून उड्या मारत होती.

"खाली उतरा रे, नाहीतर मैल्याच्या गाडीत घालून पाठवीन!" ती ओरडली. मग पाहुण्यांकडे वळून म्हणाली, "विचारा काय विचारायचं ते. भांडण ऐकलं मी. सार्जंटला सांगितलंय."

"ते मला विनीनेच सांगितलं. हॅनाचं आणि तुमचं कसं होतं?"

"चांगलं होतं. राख न्यायला यायची. पडवीत बसायची, चहा घ्यायची, गावाला नावं ठेवायची. बसा की. पाई खाणार का?"

क्लेमंटला दोनदा विचारावं लागलं नाही. पहिल्याच घासाला त्याचे डोळे मिटले. "रुबार्ब! आत्ता? अंधाऱ्या गरम शेडमधला असणार हा. बाजारात अजून धड आलेला नाही."

"कसली शेड? हॅनाच्या परसातला आहे. यंदा जानेवारीतच वर आला. तिनेच आणून दिला होता, मी बरण्यांत भरून ठेवला." ॲग्नेसने स्वतःसाठी तुकडा घेतला नव्हता.

"आणि आता करपला," थिर्झा म्हणाली.

"हो. गेल्या आठवड्यात."

मागची खोली रिकामी होती. भिंतीलगतच्या फरशीवर दोन वाकड्या, झिजलेल्या रेघा होत्या, पाळण्याच्या पायांनी घासून पडतात तशा. थिर्झाची नजर तिथे थांबली तशी ॲग्नेसचे हातही पिठात थांबले.

"मुलगी होती," ॲग्नेस म्हणाली. "आयव्ही. नवीन वर्ष लागलं आणि गेली. डॉक्टरांनी लिहिलंय, छातीत कफ."

"फार वाईट झालं."

"गेली तरी गाल लाल होते. बघायला आलेल्या बायका म्हणाल्या, झोपल्यासारखी दिसते." तिने पीठ उलटं करून फळीवर आपटलं. "अजून काही विचारायचंय?"

"मुलांच्या खाटा पुढे कधी आणल्यात?"

"घर माझं आहे. खाटा कुठेही ठेवीन."

बाहेर आल्यावर क्लेमंट म्हणाला, "तिखट बाई आहे. पण पाई उत्तम."

"तिने ती तोंडात घातली नाही, भावोजी."

"म्हणजे विष होतं?" क्लेमंट जागच्या जागी थबकला आणि पोटावर हात ठेवला.

"नाही हो. चला, अजून दोन माणसं भेटायची आहेत."

*

टेकडीवर सेथ बॅरेक्लो होता, आणि त्याच्याशेजारी आरोग्य निरीक्षक लायनेल थ्वेट. उकिरड्यावर उभ्या असलेल्या माणसाचे बूट इतके स्वच्छ असू शकतात हे थिर्झाने पहिल्यांदाच पाहिलं.

"स्किथॉर्पचा उकिरडा जिल्ह्यात नमुना मानला जातो, मॅडम," थ्वेट म्हणाला. "पूर्वी इथून धूर यायचा. लोक तक्रारी करायचे, वर्तमानपत्रात लिहायचे. गेल्या ऑक्टोबरात आम्ही सगळी टेकडी चिकणमातीने बंद केली. तेव्हापासून एकसुद्धा तक्रार नाही. दुसऱ्या गावांचे लोक पाहायला येतात."

"धूर कशाचा यायचा?"

"जुन्या सवयी. लोक निखारे तसेच डब्यात टाकायचे."

"आता नाही टाकत?"

"आता शिस्त आहे."

"रंग अजून ओला आहे तुमच्या शिस्तीचा," थिर्झा म्हणाली. क्लेमंटने हातमोजा पाठीमागे लपवला.

सेथ मागे उभा होता. रुंद खांद्यांचा, वाकलेला माणूस. फावड्यावर असा रेलला होता की फावडंच त्याला उभं धरून आहे असं वाटावं.

"हॅनाच्या डब्यात राख असायची का हो, सेथ?"

"कधीच नाही. ती गेली त्या सकाळी मीच उचलला डबा. झाडून ठेवल्यासारखा रिकामा. सार्जंटला सांगितलंय मी."

"आणि घरामागचा, पिवळ्या मातीखालचा तो नवा चर?"

"उंदरांसाठी," सेथ म्हणाला.

"पाण्याच्या निचऱ्यासाठी," त्याच क्षणी थ्वेट म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. 

उतरताना क्लेमंट म्हणाला, "निचऱ्याच्या पाण्यात उंदीर बुडत असतील, वहिनी."

"भावोजी, कधीकधी तुमच्यामुळे मला जगावंसं वाटतं," थिर्झा म्हणाली. पण ती हसली नाही. ती तशीच डॉक्टर सग्डनकडे गेली. म्हाताऱ्या डॉक्टरने हॅनाचं पोट तपासणीला पाठवलं होतं. रक्ताचा विचार केला नव्हता. थिर्झाने त्याला करायला लावला.

*

बुधवारी दुपारी सहा नंबरच्या स्वयंपाकघरात खुर्च्या कमी पडल्या. सार्जंट दाराशी उभा राहिला, थ्वेट खिडकीशी. डॉक्टर चुलीजवळ बसला होता, आणि ॲग्नेस व सेथ बाकावर, मध्ये एका माणसाची जागा सोडून. विनी हॅनाच्या खाटेच्या कडेवर बसली होती.

"डॉक्टर," थिर्झा म्हणाली, "लीड्सहून निरोप आला?"

"आला." डॉक्टरने चष्मा काढला. "रक्तात कोळशाच्या धुरातला वायू आहे. वास नसलेला. भरपूर. मला चेहऱ्यावरच्या लालीवरून पहिल्या दिवशीच शंका आली होती. पण गल्लीत गॅसची नळी नाही, चूल कधी पेटलेली नाही, तेलाची शेगडी विझलेली आणि तेलाने भरलेली. वायू येणार कुठून? म्हणून मी ती शंका सोडून दिली आणि विषाच्या मागे लागलो."

"म्हणजे कोकोत काही नव्हतं!" विनी उठून उभी राहिली.

"बस, पोरी," सार्जंट म्हणाला. त्याचा आवाज कठोर नव्हता, त्यामुळे ऐकायला जास्त वाईट वाटलं. "वायू तर वायू. म्हातारी झोपल्यावर कोणी निखाऱ्यांची घमेली आणून ठेवली, सकाळी उचलली, तर? घरात दोघीच होत्या."

"निखारे म्हटले की मागे राख उरते," थिर्झा म्हणाली. "या घरात राखेची इतकी चणचण होती की ती उसनी आणावी लागायची. त्या सकाळचा डबा मुकादमांनी स्वतः उचलला, रिकामा. आणि समजा, राख बाहेर कुठे फेकली. मग मला सांगा सार्जंट, ऑक्टोबरापासून हॅनाचं डोकं का दुखत होतं? रोज रात्री घमेली? आणि रविवारी विनी स्वतःच दिवसभर त्या धुरात बसायची?"



"ऑक्टोबरात या घरात विनी आली. सगळ्यांनी तेवढंच पाहिलं. पण त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट झाली. टेकडीवर चिकणमातीचं झाकण बसलं."

थ्वेटने घड्याळ काढलं, पाहिलं नाही, परत ठेवलं.

"लोकांनी वर्षानुवर्षं टाकलेल्या निखाऱ्यांनी ती टेकडी आतून पेटली होती. धूर वर जायचा, लोक तक्रार करायचे. मग वरून झाकण घातलं. धूर दिसेनासा झाला, तक्रारी संपल्या. आग संपली नाही. वरची माती हिमाने दगड झाली तेव्हा वायूला एकच वाट उरली, आडवी. टेकडीला पाठ लावून उभं असलेलं, सगळ्यात जवळचं घर हे. त्याच्या फरशीखालून तो वर येई, आणि मागच्या भिंतीशी वीतभर उंचीवर जी निजली होती तिला आधी गाठे. विनी वर, उघड्या खिडकीत. व्हिट्बीत टेकडी नाही, म्हणून हॅना तिथे दोनदा पुडिंग खाऊ शकली."

"कचरा कुजला तरी गरम होतो," थ्वेट म्हणाला. "कुठलंही मूल सांगेल."

"होतो की. पण मग हा कचरा गेल्या आठवड्यात एकाएकी कुजायचा थांबला का? जानेवारीत या परसात रुबार्ब वर आला. आपल्याकडे त्यासाठी लोक शेडमध्ये शेगड्या पेटवतात. इथे जमीनच शेगडी होती. आणि हॅना गेल्यावर तोच रुबार्ब हिमाने करपला. माझ्या दिरांचे पाय या फरशीवर गोठले. टेकडीतली ऊब एका आठवड्यात आपोआप जात नाही. कोणीतरी भिंतीलगत खणलं, आग उपसली, पाणी ओतलं आणि चर ओल्या चिकणमातीने ठासून भरला."

क्लेमंटच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं. "निचऱ्याचा चर कोणी मातीने भरत नाही!"

"आणि उंदरांसाठीही नाही. पाठोपाठ डब्यांवर रंग चढला. आणि घरं मिळवायला लोक मुकादमाच्या पाया पडत असताना गावातलं सगळ्यात उबदार घर अचानक फावड्यांसाठी राखून ठेवलं गेलं. या घरात पुन्हा माणूस निजू नये असं ज्याला वाटलं, त्याला ठाऊक होतं की इथे माणूस का मेला."

सेथचं डोकं खाली गेलं.

"सुंदर रचलंत," थ्वेट म्हणाला. तो खिडकीपासून हलला नाही. "पण चरात आता ओली माती आहे, मॅडम. खणा हवं तितकं. आग दाखवा. रक्तातला वायू कुठून आला हे वायू सांगत नाही. उद्या कॉरोनरपुढे तुमच्याकडे काय असेल? एक करपलेलं झुडूप." त्याने बाकाकडे पाहिलं. आवाज मऊ झाला. "आणि असा अंदाज तिथे बोलला गेला, तर ही सहाही घरं माणसं राहायला अयोग्य म्हणून मला उद्याच बंद करावी लागतील. फेब्रुवारीत. कुठे काम नसताना. कोणाकोणाच्या पोरांना रस्त्यावर आणायचं ते बोलणाऱ्याने आधी ठरवावं."

 सार्जंटने थिर्झाकडे पाहिलं. साक्षीदाराशिवाय तो काही करू शकत नव्हता, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. विनीनेही ते ओळखलं. ती पुन्हा खाटेच्या कडेवर बसली आणि हात मांडीत घट्ट धरून राहिली, आधीच कोणीतरी तिला कोठडीत बसवून ठेवल्यासारखी.

"मी कोणाला बोलायला लावू शकत नाही," थिर्झा म्हणाली. "एवढंच सांगते. ही मुलगी परगावची. काकू तिच्या रक्ताचीसुद्धा नव्हे, तरी तिच्या गुडघ्यांसाठी ती समुद्र सोडून इथे आली. रागात एक वाक्य बोलली. त्या एका वाक्यासाठी तिला आपण उद्या फासाच्या वाटेला लावणार आहोत."

"जळत होती," ॲग्नेस म्हणाली.

"ॲग्नेस!" सेथने तिच्या मनगटाला धरलं. "घर जाईल गं. पोरं कुठे..."

"सोड. कधीचा धरून बसलायस." तिने हात सोडवून घेतला. ती थ्वेटकडे पाहत नव्हती, सार्जंटकडेही नाही. विनीकडे पाहत होती. "टेकडी जळत होती. आमची आयव्ही गेली त्या दिवशी सेथने भिंतीमागे लोखंडी कांब खुपसली, आणि बाहेर काढली तेव्हा हातात धरवेना. तसाच गेला साहेबांकडे. साहेब म्हणाले, आत्ता झाकण फोडलं तर पुन्हा धूर होईल, पुन्हा बोभाटा होईल. वसंतात बघू. आणि कुठे बोललास तर सहाही घरं रिकामी."

"हे धादांत..." थ्वेटने सुरुवात केली.

"बोलू द्या तिला," सार्जंट म्हणाला, आणि दारातून बाजूला झाला नाही.

"सेथने क्ले रोमध्ये सगळ्यांना सांगितलं. स्पष्ट नाही. मागे निजू नका, एवढंच. सगळ्यांना कळलं. मी पोरांच्या खाटा ओढून पुढे आणल्या, चार नंबरवाल्यांनीही आणल्या. हॅनाकडे जायचं मी म्हणाले. पण तिचं तोंड... तिला पोटात काही ठेवता यायचं नाही. ती कौन्सिलात जाऊन ओरडली असती, आणि आम्ही सगळे बाहेर पडलो असतो. मग एक दिवस राख न्यायला आली. पुढची खोली बघितली. म्हणाली, ॲग्नेस, खाटा का गं हलवल्यास? मी म्हटलं, पुढे उजेड बरा येतो."

सेथ रडत होता. मोठ्या माणसासारखा, आवाज न करता.

"तू तिला कोकोतून काही दिलं नाहीस, विनी," ॲग्नेस म्हणाली. "आम्हांला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. आणि आम्ही तिला तिथेच निजू दिलं."